सांगलीतील वसाहतीत परसबाग, बी धरणे आणि साठवण पुन्हा शिकायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेच्या पुढे चाळीसेक घरांची एक वसाहत आहे. तिच्या मागे दोन गुंठ्यांची मोकळी जागा आहे आणि गच्च्या रिकाम्या आहेत. बहुतेक कुटुंबे वाळवा, तासगाव, शिराळा किंवा पलीकडच्या कराड-खटाव भागातून नोकरीनिमित्त आलेली आहेत. घरातल्या आज्यांना परड्यातला भाजीपाला करणे, बी धरणे, कडधान्य वर्षभर टिकवणे हे सगळे येत होते. पुढच्या पिढीला त्यातले फारसे येत नाही. ते पुन्हा शिकायचे तर सुरुवात कोठून करावी, गच्चीवर वाफे करावेत का, आणि पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरल्यावर काम चालू कसे राहील, अशी विचारणा आहे. वाळवा-मिरज भागातील महिला गटांबरोबर परसबागेचे आणि गावरान बियाण्याचे काम करताना जे दिसले, त्याच्या आधारे उत्तर देत आहे.

माझे मत असे की सुरुवात वाफ्यापासून न करता बियापासून करावी, आणि प्रत्येक घराला सगळे यायला हवे हा आग्रह पहिल्याच बैठकीत सोडून द्यावा. गावात तरी एका घराला सगळे कुठे येत होते? एकीच्या परड्यात दोडक्याचा मांडव असे, दुसरीकडे वांग्याची रोपे हटकून चांगली होत, तिसरीच्या घरचा पावटा कधी किडत नसे. दोडक्याचा वानवळा, म्हणजे शेजारी द्यायचा भेटीचा वाटा, या दारातून त्या दारात जाई आणि परतीच्या वाटेवर मिरचीची चार रोपे किंवा मूठभर बी येई. हे ज्ञान दहा घरांत विभागलेले होते आणि देवाणघेवाणीवर जिवंत होते. ती थांबली तेव्हा एकेकट्या घराला दोडका लावण्यापेक्षा मंडईतून आणणे सोपे वाटले, आणि ते अगदी स्वाभाविक होते. म्हणून आधी देवाणघेवाण उभी केली पाहिजे, आणि बी हे तिचे सर्वांत स्वस्त, हलके आणि परतफेडीला सोपे साधन आहे.

कृष्णाकाठी ही साखळी तुटण्याचे एक कारण फारसे बोलले जात नाही. पाटाच्या कडेला, उसाच्या सरीच्या तोंडाशी बायका मिरची, भेंडी, राजगिरा, मुळा, झेंडू टोकून ठेवत. घरची भाजी बहुधा तिथूनच येई. पुढे ठिबक आले आणि पाटच राहिले नाहीत. त्याच सुमारास खुरपणीच्या जागी तणनाशक आले. उसात वापरले जाणारे टू-फोर-डी हे रुंद पानांच्या वनस्पती मारते, म्हणजे तणाबरोबर बांधावरची मिरची, भेंडी आणि आपोआप उगवणारी घोळ, तांदुळजा, पाथरी हेही जाते. फवारा वाऱ्याने वाहून आला तर टोमॅटोची आणि द्राक्षाची पानेसुद्धा अरुंद होऊन पंख्यासारखी चुरगळतात. आपली मोकळी जागा उसाच्या रानाला लागून असेल तर शेजारच्या शेतकऱ्याशी आधीच बोलून घ्यावे आणि त्या बाजूला मक्याची किंवा हादग्या-शेवग्याची दाट रांग लावावी. अशी पाने दिसली की लोक रोग समजून औषधे मारत बसतात. त्याचा काही उपयोग नसतो.

आता आज्यांविषयी. त्यांना समोर बसवून "पूर्वी तुम्ही कसे करत होता ते सांगा" असे विचारले तर "त्यात काय सांगायचं" एवढेच उत्तर मिळते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्या विसरल्या. त्याऐवजी त्यांच्या पुढ्यात बियाला सोडलेले पिवळे वांगे, पाटी आणि पाण्याची परात ठेवावी आणि एखाद्या तरुण मुलीला ते चिरायला सांगावे. ती सुरी चालवू लागली की तिसऱ्या मिनिटाला आजी तिच्या हातातून ती काढून घेतात. मग जे बोलणे सुरू होते ते लिहून घेण्यासारखे असते. एका बैठकीला एकच काम ठेवावे. भाषण ठेवू नये.

मात्र जुने म्हणून सगळेच उचलू नये. त्याच पिढीने कणगीत आणि धान्याच्या पोत्यांत गॅमेक्सिन या कीटकनाशकाची पावडरही टाकलेली आहे, कारण तेव्हा ती सहज मिळत होती. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या आजही काही घरांत दिसतात; त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसे मारतो. राहत्या घरात त्या कोणत्याही कारणाने नसाव्यात.

माती आणि पाणी यांबाबत सांगलीची स्वतःची अडचण आहे. कृष्णा-वारणेच्या काठची काळी जमीन सुपीक खरी, पण वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने वाळवा-मिरज भागातील पुष्कळ रान क्षारपड झाले आहे. वसाहतीतल्या भरावाची माती अशाच रानातून आलेली असू शकते. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरट पापुद्रा येत असेल तर शंका घ्यावी आणि बाकी खर्च करण्यापूर्वी माती तपासून घ्यावी. तपासणीत क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर घेवडा, गाजर, कांदा यांच्या मागे लागू नये. पालक आणि बीट अशा मातीत बरे येतात. दुसरी गोष्ट नव्या वसाहतींची आहे. बोअरच्या जड पाण्यासाठी अनेक ठिकाणी पाणी मृदू करणारी टाकी बसवतात. त्या टाकीत मीठ घालतात. पाण्यातला चुना तिथे अडकतो आणि त्याच्या बदली सोडियम पाण्यात येतो. ते पाणी आंघोळीला चांगले, पण काळ्या मातीला घातक आहे, कारण सोडियमने माती चिकट होऊन तिच्यातली हवा जाते. बागेसाठी टाकीच्या अलीकडून वेगळा नळ काढून घ्यावा. नळ काढायला फारसा खर्च येत नाही, पण तो न काढल्यामुळे दोन-तीन हंगामांत बाग बसलेली मी पाहिली आहे आणि दोष मात्र खताला दिला गेला होता.

शहरात वाढलेल्या माणसाला शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे वाफसा, अर्थात पेरायला-खुरपायला योग्य इतपतच ओल मातीत असणे. रोज संध्याकाळी नळी धरणे ही त्याला सेवा वाटते. काळ्या मातीत वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे, पेरायला आणि खुरपायला हरकत नाही. नुसता चपटा झाला तर अजून थांबायचे. गोळा होतच नसेल तर पाणी द्यायची वेळ आली आहे. मुलांना ही परीक्षा फार आवडते. ती एकदा हाताला कळली की रोप कुजण्याच्या निम्म्या तक्रारी बंद होतात.

बी धरण्याचे काम थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळा भार त्याच्यावर आहे. वांग्याचे घ्या. बियासाठी झाड निवडायचे, फळ नंतर. कमीत कमी पाच-सहा निरोगी झाडांना खूण म्हणून चिंधी बांधावी आणि त्यांच्यावरचे मधल्या तोड्यातले एकेक फळ सोडावे. पहिले फळ आणि हंगामाच्या शेवटचे फळ बियाला ठेवू नये. फळ पिवळे-तपकिरी होऊन कातडी निबर होईपर्यंत झाडावरच राहू द्यावे. खाण्याजोग्या कोवळ्या वांग्यातले बी उगवत नाही, आणि नवशिक्यांचे बी वाया जाण्याचे हे पहिले कारण असते. फळ तोडल्यावर चार-सहा दिवस सावलीत ठेवून चिरावे, गर पाण्यात कुस्करावा, वर तरंगणारे पोचट बी ओतून टाकावे आणि तळाचे जड बी दोन-तीनदा धुऊन घ्यावे. वाळवायला पितळी किंवा चिनी मातीची ताटली घ्यावी. कागदावर बी चिकटते. पहिला दिवस सावलीत आणि नंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरवत राहावे. वांग्याचे बी बोटांना वाळलेले वाटले तरी आत ओल असते, म्हणून आठवडाभर घाई करू नये. पावट्या-घेवड्याची परीक्षा सोपी आहे: दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, दबता कामा नये.

टोमॅटोचे बी गरासकट दोन दिवस आंबवून धुतले की त्यावरचा बुळबुळीत पापुद्रा जातो. दोडका आणि दुधी वेलावरच वाळून खुळखुळू द्यायचे.

वेलभाज्यांत मात्र एक धोका आहे. पावटा, घेवडा, टोमॅटो यांचे फूल बहुतांशी स्वतःच फळते, त्यामुळे शेजारच्या जातीची भेसळ कमी होते. काकडी, भोपळा, दुधी, दोडका यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि माश्या एका परसातून दुसऱ्या परसात परागकण नेतात. भोपळ्याचे जात्या शुद्ध बी हवे असेल तर दुसऱ्या दिवशी उमलणारे नर आणि मादी फूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवावे, सकाळी सोडून नराचे पराग मादीवर टेकवावेत आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. दुधी आणि दोडक्याची फुले दिवस कलताना उमलतात, तेव्हा त्यांच्याकडे हेच काम संध्याकाळी असते. दुधीला कडू जातीचा संकर झाला किंवा उकिरड्यावर आपोआप आलेल्या वेलाचे बी धरले गेले, तर पुढच्या वर्षी कडू फळे येऊ शकतात. कडू लागलेला दुधी शिजवूनही खाऊ नये, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. उलट्या, जुलाब आणि आतड्यातून रक्तस्राव होऊन माणसे दगावली आहेत. प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा कच्चा चाखून मगच भाजी करण्याची जुन्या बायकांची सवय वसाहतीत सक्तीने लावून घ्यावी.

दुकानातल्या पाकिटावर "संकरित" असे लिहिलेले असेल तर त्या पिकाचे बी धरण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत दहा झाडांची दहा तऱ्हा निघते. संकरित बी लावू नये असे मी म्हणत नाही, बाजारासाठी ते उत्तम आहे. देवाणघेवाणीसाठी सरळ (संकरित नसलेले) किंवा गावरान वाण लागतात, आणि ते आपल्या घरांच्या मूळ गावांतच मिळतील. दिवाळीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने एक वाण आणायचा, त्याचे नाव, गाव आणि पेरणीची वेळ चिठ्ठीवर लिहायची, एवढे काम वाटून द्यावे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, कृष्णाकाठची हिरवी वांगी, माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यातला हुलगा आणि मटकी, अशी विविधता एका वसाहतीच्या नातेगोत्यात सहज निघते. पण महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणमध्ये ५०० च्या आसपास, त्यामुळे शिराळ्याच्या डोंगरातले बी विश्रामबागेत तसेच चालेल असे धरून चालू नये. पहिल्या वर्षी थोडेच लावून पाहावे. बी वाटण्यात कायद्याचीही अडचण नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचाही हक्क आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती अशाच घरगुती बियाण्याच्या जतनासाठी.

साठवणीत शत्रू दोनच, ओल आणि भुंगा. कडधान्यातला भुंगा डब्यात जन्मत नाही. तो शेतातल्या शेंगेवरच अंडी घालतो आणि आपण त्यांना घरी आणतो. म्हणून वैशाखातले कडक ऊन देणे हा साठवणीचा मुख्य भाग आहे. ऊन दिल्यावर धान्य निवल्याशिवाय डबा भरू नये, नाहीतर आत वाफ धरते. हुलगा-मटकीला चुलीची चाळलेली राख, तुरीला लाल माती चोळणे, यामागचे तत्त्व असे की बारीक कण किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडतात आणि तो सुकून मरतो. चुली नसलेल्या घरांनी खाण्याच्या कडधान्याला किलोमागे चमचाभर गोडेतेल चोळले तरी अंडी उबत नाहीत. बियाच्या बाटलीत मात्र तेल नको. तिथे राख, किंवा तळाशी कापडात बांधलेले कोरडे भाजलेले तांदूळ ठेवावेत, ते ओल शोषून घेतात. पेरणीच्या आधी दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. सातपेक्षा कमी उगवले तर बी दाट टोकावे किंवा दुसरीकडून मागून आणावे.

बी एकाच कपाटात ठेवू नये, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, पण २००५ च्या महापुराने तीच पेवे बुडवली. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. प्रत्येक वाणाचे बी तीन घरांत ठेवावे, त्यांतले एक वरच्या मजल्यावर आणि एक गावाकडच्या नातेवाइकाच्या घरी असावे.

खताबाबत फार लिहीत नाही, कारण पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, इथे मुबलक आहे आणि जाळण्याऐवजी ते आणणे एवढेच करायचे आहे. पाचटात कर्ब जास्त आणि नत्र अगदी कमी असते, म्हणून ते एकटे वर्षभर पडून राहते. त्यावर शेणकाला, हिरवा पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा थराथराने घातला आणि ढीग ओलसर ठेवला तर चार-पाच महिन्यांत चांगले खत होते. जीवामृताची हल्ली फार चलती आहे. ते करायचे तर २० लिटर पाण्याला एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ आणि २०० ग्रॅम बेसन हे प्रमाण पुरते, पण ते खताला पर्याय आहे असे समजू नये. उरलेल्या पाचटाचे आच्छादन करावे. सांगलीच्या उन्हाळ्यात आच्छादनाशिवाय उघडी माती ठेवणे म्हणजे पाणी वाऱ्यावर सोडणे आहे.

गच्चीचा प्रश्न वजनाचा आहे. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. ३० सेंटिमीटर जाडीची ओली माती याच जागेवर ५०० किलोच्या आसपास भरते. त्यामुळे गच्चीभर मातीचे वाफे करायचे नाहीत. पाचट आणि कंपोस्टचे हलके मिश्रण १५ सेंटिमीटरपर्यंत घालून पालेभाज्या घ्याव्यात, वेलांच्या मोठ्या कुंड्या तुळई आणि खांबांच्या डोक्यावर ठेवाव्यात, आणि इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याचे मत घ्यावे. गच्चीचा खरा उपयोग मला रोपवाटिकेला आणि वाळवणाला वाटतो. कुरडया, सांडगे, सांडगी मिरची आणि बी, या सर्वांना तिथले ऊन लागते.

राहिला प्रश्न टिकण्याचा. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार हे शेतीतले प्रयोगकर्ते श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवार या गटात एकमेकांच्या बागेतील निरीक्षणे समोर ठेवून शिकत गेले. तिथे कोणी शिक्षक नव्हता, प्रत्येकाला आपल्या वेलीचा हिशेब द्यावा लागे. वसाहतीतही तसेच करावे. पहिल्या वर्षी पावटा, वांगे आणि दोडका ही तीनच पिके घ्यावीत. दोन घरांनी रोपवाटिका, तीन घरांनी वांग्याचे बी, तीन घरांनी दोडक्याचा मांडव, दोघांनी खताचा ढीग, एकाने नोंदवही, असे काम वाटून घ्यावे आणि पुढच्या वर्षी अदलाबदल करावी. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) महिला गटांत गोल परसबागेचा आराखडा लोकप्रिय आहे. तो फोटोत छान दिसतो, पण दोन गुंठ्यांत मला सरळ वाफे आणि मधून चालायला वाट हेच सोयीचे वाटते. परागीभवन कमी पडत असेल तर महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे सातेरी मधमाशांच्या पालनाची चौकशी करावी. मांघर हे मधाचे गाव त्याच तालुक्यात आहे. कोंबड्या मात्र पहिल्या वर्षी आणू नयेत, कारण त्या रोपे उकरतात आणि शेजाऱ्यांत भांडणे लावतात.

बियाचा नियम आधीच ठरवावा: ज्याने मूठभर नेले त्याने हंगामानंतर दोन मुठी परत करायच्या, आणि ज्याचे पीक गेले त्याने कारण नोंदवहीत लिहायचे, त्याच्याकडून बी मागायचे नाही. पैसे गोळा करायचे असतील तर ते वेगळ्या नळासाठी आणि माती तपासणीसाठी करावेत. आज्यांना मानधन द्यावे का, असेही विचारले आहे. माझ्या मते पैशाऐवजी पहिल्या तोड्याचा वानवळा त्यांच्या घरी पोचवावा, आणि तो नेऊन देण्याचे काम ज्या मुलीने बी काढले तिच्याकडेच द्यावे. वांगी चिरल्यावर आत बी जास्त आहे की कमी, हे त्या तिथल्या तिथे तिला सांगतील, आणि पुढच्या वेळी कोणते झाड बियाला धरायचे ते त्यावरून ठरवता येईल.